पैसे नेमके कोणाच्या खिशातून येणार आहेत?

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाने आपला फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, हे बघ." पडद्यावर हिरव्या रंगात एक रक्कम दिसत होती, तिच्याखाली ‘पैसे काढा’ असे लिहिलेले बटण होते आणि दर काही सेकंदांनी ती रक्कम थोडीथोडी वाढत होती. काम घरबसल्या करायचे होते. एका संकेतस्थळावरच्या वस्तूंना रोज चाळीस चांगले अभिप्राय द्यायचे आणि ते पूर्ण झाले की त्या दिवसाचे कमिशन खात्यात जमा व्हायचे. पहिल्या आठवड्यात त्याने खात्री करून घेण्यासाठी लहानशी रक्कम काढून पाहिली होती आणि ती तासाभरात त्याच्या बँकेत आली होती. त्यानंतर त्याला ‘वरच्या श्रेणीची’ कामे मिळू लागली. मात्र त्या कामांसाठी आधी स्वतःचे पैसे भरावे लागत आणि प्रत्येक वेळी भरायची रक्कम मागच्यापेक्षा मोठी असे.

मी त्याला विचारले, "तू जे अभिप्राय देतोस, त्यांचे पैसे कोण देते? आणि काम तू करतोस, तर पैसेही तूच का भरतोस?" तो बराच वेळ काही बोलला नाही. रोज किती मिळतात, पुढच्या श्रेणीत किती मिळतील, महिन्याअखेरीस किती साठतील, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. ते कोठून येतात, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. विचारावेसे वाटू नये अशीच त्या पडद्याची रचना होती, असे आता माझे मत झाले आहे.

तेव्हापासून मी या विषयावर पुष्कळ वाचले, आणि ऑनलाइन व्यवसायाचा कोणताही प्रस्ताव समोर आला की सर्वप्रथम हाच प्रश्न विचारायचा, या निष्कर्षाला आले: हे पैसे नेमके कोणाच्या खिशातून येणार आहेत? बाकीच्या बहुतेक धोक्याच्या खुणा या एका प्रश्नाला टाळण्यासाठी घेतलेल्या आडवळणांतूनच निर्माण होतात.

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आश्वासन देऊन हजारो लोकांकडून पैसे गोळा केले. परदेशात स्वस्तात मिळणारी आंतरराष्ट्रीय टपाल-उत्तर कूपने अमेरिकेत जास्त किमतीच्या टपाल तिकिटांत बदलून हा नफा मिळतो, असे तो सांगत असे. कल्पना ऐकायला अगदीच अशक्य नव्हती. क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने मात्र ती कूपने मोजायचे ठरवले, आणि पाँझीने घेतलेल्या पैशांना पुरी पडायला सुमारे १६ कोटी कूपने लागली असती, तर प्रत्यक्षात जगभरात चलनात होती ती सुमारे २७ हजार, हे त्यातून उघड झाले. जुन्या गुंतवणूकदारांना दिला जाणारा ‘नफा’ नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून येत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सगळा डोलारा कोसळला. बॅरनने केलेली ती मोजणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्याने पाँझीच्या स्वभावाचा किंवा हेतूचा अंदाज बांधला नाही. जो उद्योग चालल्याचे सांगितले जात होते, तो त्या प्रमाणात चालूच शकत नव्हता, एवढेच त्याने दाखवून दिले.

अशी मोजणी आज आपल्यापैकी कोणालाही फोनवरच्या गणकयंत्रावर करता येते. "दररोज फक्त एक टक्का" असे ऐकले की ते माफक वाटते. पण रोज एक टक्का चक्रवाढीने वाढणारी रक्कम वर्षाअखेरीस सुमारे ३८ पट होते आणि दोन वर्षांत १,४०० पटींच्याही पुढे जाते. असे यंत्र खरोखर कोणाकडे असेल, तर त्याला अनोळखी माणसांच्या बचतीची गरज का पडावी? बिटकनेक्ट नावाच्या आभासी चलनाच्या योजनेत लोकांनी आपले पैसे कंपनीला कर्जाऊ द्यायचे असत, आणि बाजारातील चढउतारांवर आपोआप व्यवहार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या बळावर असाच भरघोस परतावा मिळतो, असे सांगितले जात होते. जानेवारी २०१८ मध्ये तिची ती कर्ज योजना बंद पडली आणि त्या चलनाचा भाव कोसळला.

परतावा अवाच्या सवा असला तरच सावध व्हावे, असे मात्र नाही. अमेरिकेतला गुंतवणूक व्यवस्थापक बर्नार्ड मॅडॉफ पाँझीसारखीच योजना चालवत होता, पण त्याने दाखवलेला नफा मध्यम होता. संशयास्पद होते ते त्याचे सातत्य. बाजार वर गेला काय आणि खाली आला काय, त्याच्या ग्राहकांच्या हिशेबपत्रकांवर तोट्याचे महिने जवळपास दिसतच नसत. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने २००० सालापासून हे नियामकांच्या वारंवार निदर्शनास आणले, तरीही डिसेंबर २००८ पर्यंत मॅडॉफला अटक झाली नाही. खऱ्या व्यवसायात वाईट महिने येतात, ग्राहक माल परत करतात, भाव पडतात. ज्या प्रस्तावाच्या हिशेबात वाईट महिना कधीच नसतो, तो हिशेब कोणीतरी बसून लिहिलेला असतो.

जेथे वस्तू विकायची आणि कमिशनसाठी पुढची माणसे जोडत साखळी वाढवायची म्हणून सांगितले जाते, तेथे प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारावा लागतो: या वस्तूला साखळीबाहेरचा, कमिशनची आशा नसलेला एक तरी गिऱ्हाईक आहे का? २०१४ मध्ये सुरू झालेल्या वनकॉइन या आभासी चलनाच्या योजनेत लोकांना प्रत्यक्षात शैक्षणिक साहित्याची पॅकेजेस विकली जात होती आणि त्यांसोबत ‘चलन’ मिळत असल्याचे सांगितले जात होते. त्या चलनामागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे आभासी चलनाचे व्यवहार नोंदवणारी सामायिक खातेवही, नव्हती. योजनेची प्रमुख रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ मध्ये बेपत्ता झाली. ही पॅकेजेस केवळ शिकण्यासाठी घेणारे किती असतील? आज ‘ऑनलाइन कमाईचा कोर्स’ या नावाने जे खपते, त्यातही पुष्कळदा शिकवणाऱ्याची कमाई कोर्स विकण्यातूनच होत असते आणि शिकणाऱ्यालाही शेवटी तोच कोर्स इतरांना विकायला सांगितले जाते. प्रत्येकाने फक्त सहा माणसे जोडायची, असे म्हटले तर ते सोपे वाटते, पण बाराव्या पायरीवर सुमारे २१८ कोटी माणसे लागतात आणि तेराव्या पायरीवर १,३०६ कोटी, म्हणजे पृथ्वीच्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक. शेवटच्या पायऱ्यांवरच्या माणसांना जोडण्यासाठी कोणी उरतच नाही, आणि कोणत्याही क्षणी साखळीतली बहुसंख्य माणसे त्या शेवटच्या पायऱ्यांवरच असतात.

घाई ही दुसरी मोठी खूण आहे. अलीकडे मी अशाच एका विनामूल्य व्याख्यानाचे पान उघडले होते. वरच्या कोपऱ्यात दहा मिनिटांचे उलटे घड्याळ चालू होते आणि ‘केवळ ७ जागा शिल्लक’ असे लाल पट्टीत लिहिले होते. घड्याळ तीन मिनिटांवर आले तेव्हा मी पान बंद करून पुन्हा उघडले. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झाले आणि जागा पुन्हा सातच होत्या. याउलट, अमेरिकेत व्यवसायसंधी विकणाऱ्यांसाठी २०१२ पासून लागू असलेला सुधारित नियम असे सांगतो की करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान सात दिवस आधी विक्रेत्याने लेखी माहिती हाती दिली पाहिजे. त्यात विक्रेत्याची ओळख, कमाईचा दावा केला जात आहे की नाही, त्याच्यावरील न्यायालयीन खटले, पैसे परत करण्याच्या अटी आणि यापूर्वी ही संधी विकत घेतलेल्यांचे संपर्क असावेत. आपण कोठेही राहत असलो तरी या पाच गोष्टी लेखी मागायला कोणाची हरकत असू नये. प्रामाणिक माणूस त्या देतो, किंवा नसल्या तर का नाहीत ते सांगतो. दुसरा माणूस रागावतो, "तुमच्यासारखे शंकेखोर कधी मोठे होत नाहीत" असे ऐकवतो, किंवा विषय बदलून यशस्वी सभासदाचे छायाचित्र पाठवतो.

ज्या गोष्टींवर आपण विसंबतो, त्या बऱ्याचदा भलतेच काही सिद्ध करत असतात. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. ती ज्याच्याकडे पोहोचते तो कसा आहे, हे ते सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले. नोंदणी प्रमाणपत्राचे चित्र कोणीही बनवू शकतो. क्रमांक घेऊन तो नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय त्याला अर्थ नाही. "दहा वर्षांचा अनुभव" असे म्हणणाऱ्या संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले, हे संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोध सेवेवर पाहता येते आणि ते कधीकधी दीड महिन्यापूर्वीचे निघते. समाधानी ग्राहकाचे छायाचित्र चित्र-शोधात टाकले, तर तोच चेहरा निराळ्या नावाने निराळ्या ठिकाणी हसताना सापडू शकतो. आणि "तुमच्या बँक खात्यात आमचे पैसे येऊ द्या, कमिशन ठेवून पुढे पाठवा" असे कोणी म्हटले तर चौकशीतही वेळ घालवू नये. ते बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्याचे पैसे असतात आणि पोलिसांच्या कागदावर नाव आपले येते.

सर्वांत फसवी असते ती सुरुवातीला मिळालेली लहान रक्कम. माझा भाऊ मूर्ख नाही. भोळेपणा हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय होता, त्या स्टीफन ग्रीनस्पॅन या मानसशास्त्रज्ञांनीही आपल्या निवृत्तीच्या बचतीचा जवळपास तिसरा हिस्सा मॅडॉफच्या योजनेत गमावला होता. भावाने शंका घेतली होती, पैसे काढून पाहिले होते, त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने परीक्षा घेतली होती. फक्त ती परीक्षा समोरच्यांनीच त्याच्यासाठी मांडून ठेवली होती, आणि तिचा खर्च पुढच्या भरण्यातून वसूल होणार, हे त्यांना ठाऊक होते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पूर्ण रक्कम काढण्याची विनंती केली. पाच मिनिटांत ‘ग्राहक सेवे’चा संदेश आला: रकमेवर २० टक्के कर आहे, तो आधी भरावा लागेल. मी भावाला लिहायला सांगितले, "माझी रक्कम तुमच्याकडेच आहे, त्यातून कर कापून घ्या आणि उरलेले पाठवा." उत्तर आले की नियमानुसार तसे करता येत नाही. पुन्हा लिहिले, तर खाते गोठवण्याची ताकीद आली. त्याच रात्री आम्ही बँकेला कळवले, संभाषणाच्या पडद्यांची चित्रे जपून ठेवली आणि पोलिसांत तक्रार दिली. थोडे पैसे बँकेने वाटेतच थांबवले. बहुतेक गेले ते गेलेच.

दोन महिन्यांनी त्याला एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला. ऑनलाइन फसवणुकीत बुडालेले पैसे परत मिळवून देणारे आम्ही तज्ज्ञ आहोत, तुमचे प्रकरण आमच्याकडे आले आहे, प्रक्रिया शुल्क भरलेत की काम सुरू करू. फसलेल्या माणसांच्या याद्या अशा लोकांमध्ये विकल्या जातात, हे मी तोवर वाचले होते. मी काही सांगायच्या आतच त्याने उत्तर लिहून मला दाखवले: "मिळालेल्या पैशांतून तुमचे शुल्क कापून घ्या, दुप्पट कापलेत तरी चालेल." संदेश वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. त्या क्रमांकावरून पुन्हा काही आले नाही.