शुक्राकडे कुठंय चुंबक?

फिरती प्रयोगशाळा घेऊन मी नऊ वर्षं शाळाशाळांतून हिंडतोय. मंगळाची हवा हा माझा सगळ्यात आवडता तास. परवा माण तालुक्यातल्या एका शाळेत हारतुरे आणि भाषणांतच पाऊण तास गेला. हा वेळ मुलांच्या वाट्यातून जातो, हे मला आजवर पटलेलं नाही.

प्रयोग असा. बेलजारखाली, म्हणजे काचेच्या घुमटाखाली, बशीत चार चमचे पाणी, शेजारी वाटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल. रबराची कड स्वच्छ पुसून तिच्यावर ग्रीसचं बोट फिरवायचं. एक केस जरी अडकला तरी हवा आत शिरते. घुमटातली हवा उपसणाऱ्या पंपाची गॅस बॅलास्टची (पंपात थोडी बाहेरची हवा सोडणारी) चावी उघडी ठेवायची, नाहीतर वाफ तेलात मुरून तेल ताकासारखं पांढरं होतं. दाब वीस-पंचवीस मिलिबारवर उतरला की साधं गार पाणी खदखदायला लागतं. उकळताना ते आपलीच उष्णता घालवतं, आणखी गार होतं, आणि काटा सहावर आला की उकळत्या पाण्यावर बर्फाची साय धरते. मंगळाच्या पृष्ठभागावरचा सरासरी दाब साधारण तेवढाच, सहा मिलिबार. त्या क्षणी पोरं श्वास रोखून बघतात. त्यासाठी तो जड पंप मी आनंदानं उचलतो.

मग नेहमीचं सांगितलं: मंगळाचं चुंबकीय कवच सुमारे 4 अब्ज वर्षांपूर्वी विरलं, सौरवाऱ्यानं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतानं, हवा पळवली. पोस्टरवरही हेच छापलंय.

आठवीतली एक मुलगी उठली. "सर, शुक्राकडे कुठंय चुंबक? त्याची हवा तर पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची."

तिनं हे माझ्याच दुसऱ्या तक्त्यावर वाचलं होतं. दोन्ही तक्ते मी नऊ वर्षं शेजारी शेजारी टांगतोय.

"मी सांगितलं ते अपुरं होतं," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. मंगळावरून कायमचं सुटायला सेकंदाला 5 किलोमीटर वेग लागतो, शुक्रावरून 10.4. हवेच्या वरच्या थरात ऑक्सिजनच्या आयनाला (विद्युतभारित रेणूला) इलेक्ट्रॉन भेटला की रेणू फुटून दोन अणू उधळतात. त्यांचा वेग मंगळावरून निसटायला पुरतो, शुक्रावरून नाही. मग अरगॉन वायू. तो कशाशी संयोग पावत नाही, खडकात अडकत नाही. तो कमी झाला तर वरच गेला. नासानं मंगळाकडे पाठवलेल्या मेवन यानाच्या मोजमापांवरून 2017 मध्ये कळलं की मंगळाचा जवळजवळ 65 टक्के अरगॉन अवकाशात गेलाय.

"पण सर, ते उधळलेले अणू चुंबकाला जुमानतील का?"

जुमानणार नाहीत, त्यांच्यावर विद्युतभारच नसतो. शिवाय चुंबकीय कवच असूनही पृथ्वीच्या ध्रुवांकडून ऑक्सिजनचे आयन अवकाशात निसटतातच. कवच हवा कितपत राखतं, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. हे सांगितल्यावर ती खाली बसली, पण वहीत काहीतरी लिहीत राहिली.

पोस्टर बदलू म्हटलं तर आमच्या वरिष्ठांचं उत्तर आलं, मुलांना सोपंच लागतं. अजिबात खरं नाही. मी त्या ओळीवर कोरा कागद चिकटवलाय. पुढच्या आठवड्यात म्हसवडला तास आहे. तिथे शुक्राचा तक्ता आधी लावणार आणि तिचा प्रश्न मीच मुलांना विचारणार.