सातच्या मालिकेला गायब होणारा सर्व्हर

नाशिकमधल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं काम. घरगुती कामं मी टाळतो, पण गंगापूर रोडचे एक काका त्याला अपवाद. एचएएल ओझरमधून निवृत्त झालेल्या या काकांनी जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात उबुंटू लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभं केलंय. घरातले सगळे फोटो या सर्व्हरवर.

राउटर बंद-चालू झाला की त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलायचा आणि मोबाइलवरचं ॲप फोटो दाखवेनासं व्हायचं. म्हणून मी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी दिला. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) बंद, पत्ता १९२.१६८.१.१०/२४, गेटवे, म्हणजे राउटर, १९२.१६८.१.१. हे एसएसएचवरून, म्हणजे त्याच नेटवर्कमधून दुरून लॉगिन करून, करणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं, म्हणून प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधूनच केलं. 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा दिली. १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत येते, हे मला फार आवडतं. सगळं चाललं, चहा झाला, मी निघालो.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "अरे, तुझा सर्व्हर संध्याकाळी सात वाजले की दडी मारतो. सकाळी बघावं तर ठणठणीत."

सात वाजता बिघडणारं नेटवर्क मी कधी पाहिलं नव्हतं. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, डिस्क तपासली. तास गेला, दोष सापडेना. शेवटी सातला तिथेच ठाण मांडून बसलो. काकूंनी मालिका लावली आणि माझं पिंग (सर्व्हर उत्तर देतो का हे बघणारी चाचणी) अडखळायला लागलं. लॅपटॉपवर एआरपीचा तक्ता (कुठला आयपी कुठल्या यंत्राकडे आहे ते दाखवणारा) उघडला, तर १० नंबरच्या पत्त्यासमोर भलताच मॅक ॲड्रेस, म्हणजे दुसऱ्याच यंत्राचा ओळख क्रमांक!

"काकू, टीव्ही नवा आहे का हो?"

"मागच्याच आठवड्यात आणला. भिंतीला भोक पाडायला त्या पोराने यांच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्याची पिन काढली होती, यांनी केवढा आरडाओरडा केला."

घ्या. सर्व्हर बंद असताना टीव्हीने पत्ता मागितला आणि राउटरने १० नंबर देऊन टाकला. टीव्ही लागला की एकाच पत्त्यावर दोघं भांडायचे. राउटरचा काय दोष? त्याच्या डीएचसीपीची रेंज २ ते २५४ होती, आणि मी स्टॅटिक पत्ता त्याच रेंजमधला घेतला होता, राउटरला न कळवता. ऑफिसात असलं काम करणाऱ्या पोरांना मी चांगलाच झापतो.

रेंज १०० ते २०० केली, राउटर आणि टीव्ही बंद करून चालू केले. टीव्हीला १०३ मिळाला. मालिका चालू असतानाच काकांनी मोबाइलवर नातीचे फोटो उघडून दाखवले. पैशांचं पाकीट त्यांनी काढलं, पण मी घेतले नाहीत. काकू म्हणाल्या, "एवढ्या गडबडीत माझा अर्धा भाग गेला, त्याचं काय?"