समुद्रकाठच्या शहरात भटकायचे दोन दिवस: आधी भरतीचं कोष्टक, मग बुकिंग

असा बेत बहुतेक वेळा उलट्या टोकाने आखला जातो. आधी खोल्या, मग तिकिटं, मग "काय काय करायचं" याची लांबलचक यादी: कयाक, सर्फिंगचा धडा, सायकल, खडपावरून चालत टोकापर्यंत, एखादं स्कूबा. यादीतलं सगळं त्या शहरात मिळतंही. पण शनिवारी सकाळी किनाऱ्यावर उतरावं तर जिथून चालायचं होतं तिथे पाणी, आणि दुपारी वल्हवायचं ठरवलं त्या खाडीत नुसता चिखल. समुद्र आपल्या सुट्टीच्या वेळा बघत नाही. म्हणून तारीख ठरवायच्याही आधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडायचं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. सात दिवसांत हे सरकणं जवळपास सहा तासांचं होतं. या शनिवारी सकाळी ७ ला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच सुमाराला भरती असते आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा ओहोटी. बेत आखणाऱ्याच्या हातात एवढाच पत्ता असतो, पण तो हुकमी आहे: मुख्य कार्यक्रम कोणता ते ठरवा आणि त्याला जुळणारा आठवडा निवडा. खडपं, गुहा, भूशिराला वळसा घालून चालणं हवं असेल तर सकाळच्या ओहोटीचा आठवडा. खाडीत कयाक हवी असेल तर सकाळी ८ च्या आसपास भरती येणारा. दोन्ही एकाच सकाळी जमत नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, फरक कमी आणि प्रवाहही मंद. नवख्यांना पाण्यात उतरवायचं तर भांगाचे दिवस बरे, खडपावरचे जीव बघायचे तर उधाणाची ओहोटी. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते आणि काही बंदिस्त समुद्रांत फरक फूटभरसुद्धा नसतो, तेव्हा कोष्टक नेमकं त्याच ठिकाणचं बघायचं, शेजारच्या बंदराचं चालत नाही.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हे मात्र प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं हवं. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. ३.६ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटिमीटर चढतं. माणसं म्हणतात, "अजून वेळ आहे." तिसऱ्या तासात तेच पाणी ९० सेंटिमीटर चढतं आणि परतीची वाट बंद. भूशिराला वळसा घालून जाणारी मंडळी अडकतात ती याच हिशेबात. निघायचं ते पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी, आणि ओहोटीची वेळ झाली की असाल तिथून मागे फिरायचं. "टोक दिसतंय, पाच मिनिटांत पोचू" म्हणणारा गटात एक तरी असतोच. त्याचं ऐकायचं नाही.

दुसरं कोष्टक वाऱ्याचं. किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तोही मंद. ऊन चढलं की जमीन तापते आणि साधारण १० ते ११ नंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी २ ते ४ मध्ये जोरात असतो, सूर्य कलला की उतरतो. म्हणून कयाक आणि उभं राहून वल्हवायचा सप बोर्ड हे सकाळचे खेळ. समुद्रावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. नवख्याने तेव्हा बोर्डवर पाय ठेवू नये. जास्त फसवा असतो तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. काठाजवळचं पाणी त्यात तळ्यासारखं सपाट दिसतं, जाताना वल्हं मारावंही लागत नाही, आणि परत येताना कळतं की आपण जागेवरच आहोत. हवा भरून फुगवलेल्या वस्तू घेऊन अशा वाऱ्यात उतरूच नये. बोर्डवर असताना वारा वाढला तर उभं राहायचं नाही, गुडघ्यांवर बसायचं. अंगाचं शीड कमी होतं.

खाडीतल्या कयाकचा हिशेब सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त बेत इथेच फसतात. समजा शनिवारी भरती ८ ला आहे. ६.३० ला उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, ८ च्या सुमाराला पाणी थांबलं की वळायचं आणि सुकतीबरोबर, म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर, ९.३० ला परत. दोन्ही वाटा प्रवाहाच्या मदतीने, वारा उठायच्या आत. खाडीच्या आतल्या भागात भरती मुखापेक्षा उशिरा पूर्ण होते, त्यामुळे कोष्टकातल्या वेळेपेक्षा आतलं पाणी थोडं मागे चालतं. नेमकं किती, ते तिथल्या होडीवाल्याला विचारावं. नवखा माणूस प्रवाहाशिवाय ताशी ३ ते ४ किलोमीटर जातो. म्हणजे ताशी ३ किलोमीटरचा प्रवाह समोरून आला की त्याची प्रगती जवळपास शून्य. मुखाशी सुकतीचं पाणी बाहेर येत असेल आणि समोरून वारा असेल तर तिथे आखूड, उभट लाटा उठतात. तिथे जायचंच नाही, त्याच्या अलीकडून वळायचं.

दोघांच्या कयाकमध्ये ताल पुढच्याने द्यायचा, दिशा मागच्याने सांभाळायची. म्हणून जड आणि अनुभवी माणूस मागे. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र एकाच कयाकमध्ये बसवायचा आग्रह नको, उंची आणि जोर जुळतो अशा जोड्या लावाव्यात. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघायचं: जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे किंवा मापाचं नाही. पट्टे बसल्यावर पुन्हा आवळायचे, उभ्याने घट्ट वाटलेले बसल्यावर ढिले होतात. सप बोर्डची दोरी उघड्या पाण्यात घोट्याला चालते. पण वाहत्या खाडीत, जिथे खुंट, नांगरदोर आणि फांद्या असतात, तिथे ती झटक्यात सुटणाऱ्या कमरपट्ट्यालाच हवी. घोट्याची दोरी अडकली तर प्रवाह माणसाला आडवा पाडून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही.

आता माणसं. सहा जणांचा गट उत्तम, आठच्या पुढे तो दोन गटांसारखा वागतो, मग दोनच करावेत. बुकिंगआधी प्रत्येकाला तीन प्रश्न वेगळे, खासगीत विचारावेत: पाय टेकत नाही अशा पाण्यात पाच मिनिटं तरंगता येतं का, गुडघे-खांदे-पाठ-दमा यांचं काही आहे का, आणि गाडीत किंवा होडीत मळमळतं का. ग्रुपवर विचारलं तर सगळेच पोहणारे निघतात. वेग सगळ्यात हळू माणसाचा, हे आधीच मान्य करून घ्यायचं. आणि प्रत्येक कार्यक्रमाला एकच म्होरक्या, ज्याचा "परत फिरा" हा शब्द शेवटचा. मतदान जेवणासाठी ठेवावं.

क्रम लावताना हात आणि पाय आलटून-पालटून. सर्फिंगचा धडा आणि कयाक एकाच दिवशी ठेवले तर खांदे संध्याकाळपर्यंत वर होत नाहीत. शनिवारी सकाळी कयाक, दुपारी १२ ते ४ सावलीत, संध्याकाळी सायकल. रविवारी सकाळी सर्फिंग किंवा चालणं, एवढंच पुरे. शुक्रवारी रात्री काहीही नको. जागरणानंतर पहाटे सहाला पाण्यावर यायला कोणी तयार नसतं, आणि भरती थांबत नाही.

स्कूबा घ्यायचं असेल तर परतीचा प्रवास आधी बघा. एकाच डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो आणि विमानातल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. रविवार सकाळचं स्कूबा आणि रविवार संध्याकाळचं विमान ही जोडी म्हणूनच बाद. उंच घाट चढून जाणाऱ्या रस्त्यालाही तोच विचार लागू. सर्दीने नाक चोंदलेल्याने तर उतरूच नये, कानातला दाब सारखा होत नाही आणि पडद्याला इजा होते.

सायकलीला मिश्र गटाने २० ते २५ किलोमीटरच धरावेत, थांबे पकडून दोन तास. जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि येताना पाठीवर. उलट केलं तर दमलेल्या पायांना वाऱ्याशी झुंजावं लागतं. भाड्याची सायकल आदल्या संध्याकाळी बघून ठेवावी, सकाळी उरलेल्यांतून निवडायला लागतं. दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे दाबून चाक थांबतंय का, साखळीवर खाऱ्या हवेचा गंज किती, टायर अंगठ्याने दबतो का. सीटची उंची: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. किनारी रस्त्याच्या वळणावर उडून आलेल्या वाळूचा थर असतो. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, वेग आधीच कमी करून सरळ पार व्हायचं.

चालण्याबद्दल एकच. कोरड्या, भुसभुशीत वाळूत त्याच अंतराला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, तेव्हा पाच किलोमीटर म्हणजे पाच नव्हेत. ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं, आणि खडपावर चप्पल नको, नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घालावेत. हिरवा-काळा बुळबुळीत थर दिसला की त्यावर पाऊल नाही.

पोहायला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. लाल झेंडा धोक्याचा, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायची बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. लाटा फुटत असताना मधेच एक शांत, गडद पट्टा दिसला तर तो पोहायची सोयीची जागा नव्हे. तो बहुधा रिप करंट असतो, काठावर आलेलं पाणी तिथून परत जातं. त्यात सापडलं तर काठाकडे झुंजायचं नाही, तरंगत राहून हात वर करायचा, आणि दम असेल तर काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारणारा स्वतःच बुडतो. तरंगेल असं काहीतरी फेकावं आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तो वाहत असला तरी अंग थंड होत नाही. माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरावं; सहा जणांना दोन तासांसाठी ६ ते ९ लिटर. ते एकाच पिशवीत नको, प्रत्येकाची बाटली प्रत्येकाकडे. मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजाने जास्त मीठ टाकलं तर उपाय उलटतो. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा गोंधळला तर ते दमणं नव्हे: सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पूर्ण अंगाला ३० ते ३५ मिलिलिटर, निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर. कयाकमध्ये भाजतात त्या मांड्या आणि पायांची वरची बाजू, तिथे लावायचं सगळे विसरतात. सुती कपडे पाण्यात नकोत. ते ओले राहतात आणि मीठ त्यांच्याबरोबर काखेत, जांघेत घासतं.

फोनची पाणी न शिरणारी पिशवी आधी टिश्यू पेपर भरून बादलीत अर्धा तास बुडवून बघा. कागद कोरडा निघाला तरच फोन आत. ड्राय बॅगचं तोंड हवा काढून किमान तीन वेळा गुंडाळायचं. गाडीची रिमोटवाली किल्ली पाण्यावर न्यायचीच नाही, खाऱ्या पाण्याने ती गेली तर रविवार गॅरेजमध्ये जातो.

बुकिंग करताना पुरवणाऱ्याला विचारायचं: किती जणांमागे एक प्रशिक्षक, सोबत बचावाची होडी आहे का, वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख, आणि हवामान बिघडल्याचा निर्णय किती वाजता कळतो. "कुठल्याही वेळी या, चालतं" हे उत्तर आलं तर दुसरीकडे जा; पाण्यावर काम करणारा माणूस आधी वेळच विचारतो. पैशांसाठी सगळ्यांनी निघण्याआधी सारखी रक्कम एकाकडे जमा करायची, सामायिक खर्च त्यातूनच. जो कार्यक्रम सगळ्यांना नको, त्याचे पैसे ज्याचे त्याने.

रविवारी दुपारी निघण्याआधी तासभर राखून ठेवावा. बूट, लाइफ जॅकेट, पोहण्याचे चष्मे, बॅगांच्या चेन, सगळं गोड्या पाण्यातून काढायचं आणि पाणी निथळू द्यायचं. चेनमधलं मीठ सुकलं की पुढच्या वेळी ती उघडत नाही. खोली सोडायची वेळ सकाळची असेल तर सामान ठेवायला आणि आंघोळीला जागा मिळेल का, हे खोली घेतानाच विचारून घ्या.