अलोका, लोड, स्टोअर आणि जीईपीने काढलेला घाम: माझा अनुभव

हिंजवडीत टेस्टिंगमधून कंपायलर टीममध्ये आलो तेव्हा पार्सरची भीती होती, पण खरा अडलो ते एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या साधनसंचाच्या आयआरमध्ये (सोर्स कोड आणि मशीन कोडच्या मधलं रूप) मेमरी कशी दिसते तिथे. म्हणजे सीमध्ये आपण बिनधास्त इंट एक्स लिहितो, आयआरमध्ये मात्र अलोका ही इन्स्ट्रक्शन स्टॅकवर जागा करतं आणि आपल्या हातात देतं फक्त पॉइंटर, वाचायचं तर लोड, लिहायचं तर स्टोअर. आयआरमधल्या रजिस्टरला व्हॅल्यू एकदाच देता येते, मेमरीत कितीदाही लिहा, म्हणून क्लँग (एलएलव्हीएमवर चालणारा सी कंपायलर) सगळे लोकल व्हेरिएबल आधी मेमरीतच टाकून मोकळं होतं.

टीममधल्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "नुसतं वाचत बसू नकोस रे, मेमटूरेग पास चालव आणि आधीचं नंतरचं शेजारी ठेवून बघ." हा पास म्हणजे मेमरीतले व्हेरिएबल रजिस्टरमध्ये आणणारा ऑप्टिमायझेशनचा टप्पा. चालवला तर काहीच बदललं नाही! बराच वेळ डोकं खाल्ल्यावर कळलं की ओ झिरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, क्लँग फंक्शनवर ऑप्टनन ही 'ऑप्टिमाइझ करू नको' अशी खूण लावतं, त्यामुळे पास त्याला हातच लावत नाही. ते बंद करून परत चालवलं, मग अलोका गायब आणि इफ-एल्स जिथे परत एकत्र येतात तिथे फाय (कुठल्या वाटेने आलो त्यावरून व्हॅल्यू निवडणारी इन्स्ट्रक्शन) हजर. मजा म्हणजे त्याच एक्सचा अ‍ॅड्रेस दुसऱ्या फंक्शनला पाठवला की अलोका जागचं हलत नाही, बरोबरच आहे, बाहेरून कोणीही तिथे लिहू शकतं ना.

जीईपीने, म्हणजे गेटएलिमेंटपॉइंटर या इन्स्ट्रक्शनने, जास्त छळलं. ते फक्त अ‍ॅड्रेसचं गणित करतं, मेमरीला शिवत नाही. सदाशिव पेठेतला पत्ता शोधून काढला म्हणजे दुपारी दोनला बेल वाजवली असं होत नाही, तसंच. आणि त्याच्या इंडेक्समधला तो पहिला शून्य! पहिला इंडेक्स अख्ख्या स्ट्रक्टच्या हिशोबाने पॉइंटर सरकवतो, दुसरा आतलं फील्ड निवडतो. स्ट्रक्टमध्ये कॅर आणि मग इंट असेल तर इंट म्हणजे फील्ड नंबर एक (मोजणी शून्यापासून), पण त्याचा ऑफसेट सहसा चार बाइट, मधलं पॅडिंग (रिकामी जागा) टार्गेट मशीनचा डेटा लेआउट बघून ठरतं.

जुने ट्युटोरियल बघत असाल तर सांभाळून, त्यात आय३२ स्टार (३२ बिटी इंटिजरचा पॉइंटर) वगैरे दिसेल. २०२२ च्या एलएलव्हीएम १५ पासून डीफॉल्टला पॉइंटर नुसता पीटीआर असतो, टाइप मात्र लोड, स्टोअर आणि जीईपीवर लिहायचा. मला तर हेच सोपं गेलं.