मॅकडिलचा मरॉडर, भाग ५ : कापलेली टोके परत जोडली

गेल्या भागात मोठ्या खात्रीने लिहिलेला एक परिच्छेद आज मागे घ्यावा लागत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाच्या १/७२ (मूळच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) प्रतिकृतीच्या किटमधला लांब पंख सुरुवातीच्या विमानांसारखा आखूड करायचा, तर दोन्ही टोकांकडून १२.७ मिलिमीटर कापले की काम झाले, असे मी म्हटले होते आणि तसे कापलेही. मूळ विमानाचा पंखविस्तार ६५ फूट, नंतरच्याचा ७१ फूट. सहा फुटांचा हा फरक आपल्या प्रमाणात नेमका २५.४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे हिशेब चुकण्यासारखा वाटलाच नव्हता. परंतु न चिकटवता केलेल्या जुळणीत विमान टेबलावर उभे केले, तेव्हा पंख टोकाशी रुंद आणि बोथट दिसू लागला, आणि १९४२ च्या छायाचित्रांतल्या त्या निमुळत्या पंखाशी त्याचे काहीच नाते उरले नाही.

चूक कुठे झाली हे कळायला तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या पंखाचे क्षेत्रफळ ६०२ चौरस फूट होते आणि मोठ्या पंखाचे ६५८. म्हणजे सहा फूट कमी करताना ५६ चौरस फूट जायला हवेत, आणि त्यासाठी काढलेल्या पट्टीची सरासरी रुंदी सव्वानऊ फुटांहून थोडी जास्त, आपल्या प्रमाणात ३९.५ मिलिमीटर, असायला हवी. किटच्या पंखाचे टोक याच्या जवळपासही रुंद नाही. टोक छाटून लांबी बरोबर आली, पण क्षेत्रफळ मात्र जास्तच राहिले. ज्या विमानाची सारी बदनामी छोट्या पंखावरून झाली, त्याला मी नकळत मोठा पंख देऊन बसलो होतो.

ही बाब किरकोळ नाही. फ्लोरिडात टॅम्पा शहराच्या दक्षिणेला असलेल्या मॅकडिल तळावर याच विमानांवर वैमानिक तयार होत होते, आणि एका टप्प्यावर ३० दिवसांत १५ अपघात झाल्याने ‘वन अ डे इन टॅम्पा बे’ (टॅम्पाच्या खाडीत रोज एक) ही म्हण तिथे रूढ झाली. पंखाच्या दर चौरस फुटावर ५० पौंडांहून अधिक भार, उतरताना ताशी सुमारे १५० मैलांचा वेग, आणि संथ प्रशिक्षण विमानांवरून आलेले नवखे वैमानिक, असा तो मेळ होता. या तळाची प्रतिकृती करायची आणि पंखच चुकवायचा, हे मला पटेना.

सुदैवाने कापलेली टोके मी फेकून दिली नव्हती. ती परत जोडली, इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला पंखाची रुंदी ३९.५ मिलिमीटर भरते ती जागा शोधली, आणि तिथून पट्टी काढून बाहेरचा भाग आत सरकवला. सांध्याशी पुढच्या व मागच्या कडेला जी पायरी पडली, ती एका बाजूने घासून आणि दुसऱ्या बाजूने प्लॅस्टिक शीटचे तुकडे भरून मोडावी लागली. डावा पंख साधला. प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) पहिला हात दिल्यावर सांधा दिसेनासा झाला, तेव्हा मी तो घरातल्या सगळ्यांना दाखवून आलो. उजव्यात मात्र करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरलो आणि एक मिलिमीटर जास्त गेला. परदेशातून मागवलेली महागडी करवत या कामी जाडच ठरली. रविवार पेठेतून आणलेले साधे पाते आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर यांनी जास्त साथ दिली. पावसाळी हवेत पुटी वाळायला दोन दिवस घेते, हे वेगळेच.

देखाव्याचा मूळ बेतही याच दिवसांत बदलला. खाडीतून बाहेर ओढले जाणारे विमान करायचे ठरले होते. आता तसे करणार नाही. मरॉडरच्या कर्टिस प्रोपेलरच्या पात्यांचा कोन विजेच्या मोटरने बदलत असे. जमिनीवरच्या चाचण्यांत बॅटरी उतरली, की उड्डाणाच्या क्षणी पाती सपाट होत, प्रोपेलर अनावर वेगाने फिरू लागे आणि विमान त्या बाजूला कलंडे. जिमी डूलिटल आणि व्हिन्सेंट बर्नेट या वैमानिकांनी एका इंजिनावर उड्डाणे करून दाखवली, तेव्हा वैमानिकांचा विमानावर विश्वास बसू लागला. पण माझ्या मते अर्धी लढाई तळावरच्या मेकॅनिकांची होती. म्हणून आता विमान धावपट्टीशेजारी उभे असेल आणि त्याला बाहेरून वीज देणारा जनरेटर जोडलेला असेल. हे लिहिता लिहिताच आठवले, की किटची आठही पाती जास्त कोनात येतात. ती सुटी करून पुन्हा बसवावी लागतील.

सुरुवातीच्या विमानांसारखा शेपटीचा उभा भागही सुमारे सात मिलिमीटर कमी करायचा आहे, तो सोपा आहे. अमेरिकी विमानांवरच्या चांदणीच्या खुणेतला लाल ठिपका मे १९४२ मध्ये रद्द झाला, त्यामुळे डेकॅलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) कागदावरची साधी पांढरी चांदणी चालेल. उजव्या पंखाला एक मिलिमीटरची पट्टी लावून रविवारी पुन्हा मोजणार आहे.