ठेवपावतीवरचे '03'

वायटूके, म्हणजे 2000 साल येताच संगणकातल्या तारखा चुकण्याचे संकट, म्हटले की लोकांना 31 डिसेंबर 1999 ची मध्यरात्र आठवते. म्हापशातल्या ज्या छोट्या सहकारी बँकेत मी ठेवींचे काम पाहत होतो, तिथे ते संकट 1998 च्या पावसाळ्यातच येऊन उभे राहिले होते. पाच वर्षांच्या मुदत ठेवीची नोंद करताना मुदतपूर्तीचे वर्ष '03' पडले, संगणकाने त्यातून '98' वजा केले आणि ठेव सुरू होण्याआधीच संपल्याचे दाखवून टाकले. संगणकात साठवणीची जागा महाग होती त्या काळात वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवण्याची पद्धत पडली होती, आणि तिची किंमत आता आम्ही मोजत होतो.

पन्नासाहून लहान आकडा 2000 नंतरचा समजावा, असा तोडगा संगणकवाल्याने बसवून दिला. ठेवींचे त्यात भागले. पण 1925 साली जन्मलेले आमचे एक खातेदार त्या हिशेबाने 2025 मध्ये जन्माला येणार होते! शेवटी खाते उघडण्याचे जुने अर्ज कपाटातून काढून सगळ्या जन्मतारखा चार आकडी वर्षासह पुन्हा भराव्या लागल्या. लीप वर्षाचीही गंमत होती. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते एवढेच ज्याला ठाऊक होते, त्याचा प्रोग्राम 29 फेब्रुवारी 2000 ला चुकणार होता. चारशेने भाग गेला तर वर्ष लीपच असते, हा अपवाद माहीत असणारा आणि शंभराचा नियमच माहीत नसणारा, हे दोघेही बरोबर ठरणार होते.

शेअर बाजाराची धास्ती निराळीच होती. लोक घाबरून रोकड काढतील म्हणून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने नोटांचा जादा साठा सज्ज ठेवला होता आणि तिथल्या नोंदणीकृत कंपन्यांना आपली तयारी जाहीर करावी लागत होती. मडगावच्या माझ्या मेहुण्यांनी 1999 च्या डिसेंबरात बँकांचे शेअर विकले, सॉफ्टवेअर कंपन्यांचे मात्र राखले, कारण ही दुरुस्तीची कामे त्याच कंपन्यांकडे येत होती. संगणक चालेल का, हे त्यांनी मला चारदा विचारले. शेअरचा भाव वाजवी आहे का, हे एकदाही नाही. पुढे 10 मार्च 2000 ला नॅसडॅक हा तिथला शेअर निर्देशांक शिखरावर पोचून घसरू लागला, तेव्हा तारखांचा काही दोष नव्हता.

आम्ही वर्षअखेरीला प्रत्येक खात्याची शिल्लक रुंद कागदावर छापून घेतली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती. त्याआधी 24 तारखेच्या शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत आलेले एक वृद्ध खातेदार पासबूक पुढे करून म्हणाले होते, ''म्हजे पयशे खंय वचचे नात मू?'' (माझे पैसे कुठे जाणार नाहीत ना?) सोमवारी, 3 जानेवारीला, तेच पहिले आले. शिल्लक पैशापैशाने जुळत होती, पण नोंदीपुढे '03/01/00' छापलेले पाहून त्यांचे समाधान होईना. मी शाईच्या पेनाने शेजारी '2000' लिहिले, सही केली, आणि मगच त्यांनी पासबूक प्लास्टिकच्या पिशवीत घातले.