डिस्ने वर्ल्डला जेवणाची टेबलं किती बुक करायची? बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी हिशेब

फ्लोरिडाचा बेत ठरला की बडोद्याहून पहिला प्रश्न तिकिटांचा येतो आणि दुसरा जेवणाचा. "तिकडे दोन महिने आधी टेबल धरावं लागतं म्हणे, मग रोज दोन्ही वेळचं करून टाकायचं का?" नको. पाच दिवसांची सहल असेल तर बसून जेवायची टेबलं तीन पुरेत, आणि त्यातलं एकही पहिल्या संध्याकाळचं नको. सोबत सत्तरीतले आजी-आजोबा असले तरी तीनच, फक्त वेळा बदलायच्या.

एवढी कमी का, हे जागेच्या पसाऱ्यात आहे. डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही, चार आहेत: १९७१ चं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. एकटं मॅजिक किंगडम साधारण आपल्या कमाटीबागेएवढंच, शंभरेक एकरांचं. पण सगळा परिसर शंभरेक चौरस किलोमीटरांचा आहे आणि चांगली हॉटेलं त्यात विखुरलेली आहेत. दुसऱ्या जागी जेवायला जायचं तर बसची वाट, प्रवास, आतलं चालणं मिळून तास हाताशी ठेवावा लागतो. शिवाय दहा मिनिटं आधी हजेरी, टेबल तयार व्हायला पाच ते वीस मिनिटं, आणि जेवण तास-सव्वा तास. म्हणजे पार्कातल्या पार्कात दीड-दोन तास आणि बाहेर गेलात तर अडीच-तीन. उन्हापावसात दिवसाचे कामाचे तास आठ-नऊच हाती लागतात. त्यात दोनदा बसून जेवलात तर अर्धा दिवस जेवणात गेला, आणि पार्कची तिकिटं स्वस्त नाहीत.

दुसरं कारण झोपेचं. उन्हाळ्यात ऑरलँडो, म्हणजे डिस्ने वर्ल्डजवळचं शहर, बडोद्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेचार झालेले असतात. आल्या दिवशी सात-आठचं टेबल घेणारी कुटुंबं हमखास दिसतात: पोरगं खुर्चीतच कलंडलेलं, आजी ताटाकडे बघत बसलेल्या, बिल मात्र पूर्ण. पहिल्या दोन दिवसांत सगळे पहाटे तीन-चारलाच टक्क जागे होतात, तेव्हा हौसेचं जेवण दिवसा ठेवावं.

नाश्त्याचं टेबल मात्र आठ-नऊचं घेऊ नका. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास रांगा सर्वांत लहान असतात आणि पहाटेपासून जागं राहण्याचा एकच फायदा तिथे होतो. पावणेअकराच्या सुमाराची, नाश्त्याची शेवटची वेळ मिळते का ते बघा. बुफे असेल तर त्यातच दुपारचं जेवण उरकतं, आणि मिकी किंवा डोनाल्ड टेबलापाशी येऊन भेटतात त्या जागी नाश्त्याचा दर रात्रीपेक्षा सहसा कमी असतो. अ‍ॅनिमल किंगडममधलं टस्कर हाऊस यासाठी चांगलं. आपल्या तीन टेबलांपैकी हे पहिलं.

दुसरं टेबल दुपारी दीड-दोनचं, पार्काच्या आतलं. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. मे महिन्यात पाऊस नसला तरी दमट उकाडा असतो. तेव्हा हे टेबल जेवणाइतकंच एसीत बसायचं टेबल समजा. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये सायफाय डाइन-इन आहे, जुन्या मोटारींच्या आकाराच्या टेबलांवर बसून पडद्यावर जुन्या सिनेमांचे तुकडे बघत खायचं. पोरं खूश होतात. पण सगळे पडद्याकडे तोंड करून एकामागे एक बसतात, गप्पा होत नाहीत. आजी-आजोबांना घेऊन एपकॉटच्या मेक्सिको दालनातलं सॅन अँजेल इन बरं: पिरॅमिडच्या आत, कायमची संध्याकाळ असल्यासारखा अंधार आणि गारवा.

तिसरं टेबल म्हणजे शाकाहारी मराठी कुटुंबाने खरोखर धडपड करून मिळवावं असं एक: सना. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी इमारतीत आहे, आफ्रिकी स्वयंपाक आणि त्यात भारतीय चव. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवायची. नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि सोबत नऊ वाट्या: आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, काकडीची कोशिंबीर म्हणावी असं रायतं, लसणाचं लोणचं वगैरे. चौघांत एक मागवली तर सुरुवातीचं खाणं होतं, दोन मागवल्या की जेवणच. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे मोकळ्या गवतावर चरत असतात. पण ते उजेड असेतोवरच! मे महिन्यात सूर्य आठच्या पुढे मावळतो, त्यामुळे साडेपाच-सहाचं टेबल उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि साडेपाचलाच अंधारतं. तेव्हा सनाचं दुपारचं जेवण धरा. नेहमी होणारा घोळ एकच: लॉजच्या दोन इमारती आहेत. जांबो हाऊसमध्ये बोमा नावाचा बुफे आहे, सना तिथे नाही. बस दोन्हीकडे थांबते, किदानीला उतरायचं.

बोमाही शाकाहारी माणसाला वसूल होणारा बुफे आहे, सूप आणि भाज्यांचे प्रकार बरेच असतात. उलट जिथे ठरावीक दरात मांसाचे पदार्थ टेबलावर येत राहतात, जसं पॉलिनेशियन हॉटेलातलं ओहाना, तिथे सांगितल्यावर शाकाहारी ताट मिळतं, पण दर तोच. सहापैकी चौघे शाकाहारी असतील तर असल्या जागा सरळ सोडाव्यात.

शाकाहाराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण फसगत इथेच होते. "व्हेजिटेरियन" लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, काही गोड पदार्थांत आणि मार्शमेलोत जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं, पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, बटाट्याचे तळलेले काप कोंबडी तळलेल्या तेलातच निघालेले असू शकतात. डिस्नेने २०१९ पासून मेनूवर हिरव्या पानाची खूण सुरू केली. ती असली की मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही. अंडं न खाणाऱ्यांना तीच सोपी खूण. मात्र पान म्हणजे कांदा-लसूण नाही असं नव्हे. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी बुकिंग करताना नोंद करावी आणि टेबलावर बसल्या बसल्या पुन्हा सांगावं. बसून जेवायच्या ठिकाणी शेफ येऊन काय जमेल ते बोलतो. काउंटरवर हे जमणं अवघड. नसलेली ॲलर्जी सांगू नका, त्यासाठी स्वयंपाकघरात वेगळी भांडी काढतात.

आणि बुकिंगला बसण्याआधी पंचांग उघडा. संकष्टीच्या दिवशी आजींसाठी साठ डॉलरचा बुफे धरून ठेवला, असं व्हायला नको.

आता बुकिंगची वेळ. साठ दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सहाला ऑनलाइन खिडकी उघडते. बडोद्यात ती वेळ दुपारच्या चहाची, पण नक्की किती वाजता हे तारखेवर आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पुढे जातात. ५ मेच्या सहलीचा साठावा दिवस ६ मार्च, म्हणजे घड्याळं बदलण्याआधी: आपले दुपारचे साडेचार. २० मेच्या सहलीचा २१ मार्च, तेव्हा साडेतीन. बरेच जण साडेचारला निवांत बसतात आणि तासाभरापूर्वीच हवं ते संपलेलं असतं. पंधरा मिनिटं आधी लॉगिन करून तयार राहा, कधी कधी खिडकी जरा लवकरही उघडते.

डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मोठी सवलत आहे: हॉटेलात येण्याच्या तारखेच्या साठ दिवस आधी एकाच बैठकीत पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं धरता येतात. म्हणून अवघड टेबल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधा. बाहेर उतरणाऱ्यांना त्या तारखा अजून खुल्याच झालेल्या नसतात. यासाठी हॉटेलचा बुकिंग नंबर डिस्नेच्या खात्याला जोडलेला हवा, नाहीतर एकेकच दिवस दिसतो. क्रम असा ठेवा: आधी सर्वांत दुर्मीळ ते, म्हणजे सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रॉयल टेबल किंवा एपकॉटचं स्पेस २२० हवं असेल तर ते, मग सना, मग बाकीचं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आदल्या दिवशीच बघा. नव्या कार्डांवर ते बंदच येतात.

माणसं मोजताना मांडीवरचं बाळही मोजा. तीन वर्षांखालच्या मुलाला बुफेत पैसे पडत नाहीत, पण खुर्ची लागते. तीन ते नऊ मुलांचा दर, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा. दहा-बारा जणांचा गोतावळा असेल तर एक टेबल मिळणं फार कठीण. सहा-सहाची दोन शोधा, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने. शेजारी बसवतीलच असं नाही.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून धरून चालू: मोठ्यांचा दर ६० डॉलर, मुलाचा ४०. चार मोठे, एक सात वर्षांचा, एक दोन वर्षांची. २४० आणि ४० मिळून २८०. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर १८.२०. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप आपोआप लागते, ती ५०.४०. एकूण ३४८.६०. मेनूवरच्या आकड्याला साधारण सव्वा पट करायची सवय लावा. टिप बिलात आलेली असताना खाली पुन्हा टिपेची ओळ कोरी असते, तिथे परत २० टक्के लिहून येणारे पाहुणे कमी नाहीत.

उरलेली जेवणं काउंटरवर. डिस्नेच्या ॲपमध्ये आधी मागवून वेळ निवडायची, पोहोचल्यावर "आलो" असं दाबायचं, म्हणजे पदार्थ तयार व्हायला लागतो. हे दाबायला विसरून काउंटरसमोर ताटकळत उभे राहणारे रोज दिसतात. अ‍ॅनिमल किंगडमचं सातूली कँटीन टोफू घातलेल्या वाडग्यांसाठी, एपकॉटचं सनशाइन सीझन्स एकाच छताखाली वेगवेगळ्या आवडींसाठी. एपकॉटला वसंतात फुलांचा आणि ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत खाण्यापिण्याचा महोत्सव असतो. टपऱ्यांवर छोट्या बश्या मिळतात, त्या दिवशी टेबल धरूच नये. काउंटरवर साधं बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका.

घरचं खाणं पार्कात नेता येतं. काचेच्या बरण्या, सुटा बर्फ आणि दारू चालत नाही. थेपले, खाखरे, भाकरवडी पिशवीत असतील तर चार वाजताची भूक तिथेच भागते. लीलो चिवडो मात्र आणू नका, टिकत नाही. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगा, ताजी फळं आणि मांस अजिबात नको.

हवं ते टेबल पहिल्या दिवशी नाही मिळालं तर आशा सोडू नये. रद्द करायची मुदत साधारण दोन तास आधीपर्यंत असते, म्हणून आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी टेबलं सुटत राहतात. न जाता राहिलात तर बऱ्याच ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात. हूप-डी-डू सारख्या कार्यक्रमासह जेवणाचे पैसे मात्र आधीच पूर्ण भरलेले असतात, त्याची मुदत वेगळी, ती पावतीवर वाचा. याचाच अर्थ "आधी दहा टेबलं धरू, मग बघू" हे फुकट वाटलं तरी सहा माणसांच्या विसरलेल्या एका टेबलाला साठ डॉलर लागतात. राइडच्या रांगेत दीड तास उभं असताना फोनची बॅटरी संपली, की तेच होतं. जास्तीची टेबलं निघायच्या आदल्या आठवड्यात, घरी बसून, वाय-फायवर रद्द करून टाका.